हिवाळ्यातील तिरंदाजी : धुके, थंड हवा आणि सत्तर मीटरवरचे लक्ष्य

डिसेंबरच्या अखेरीस हरियाणातील सोनीपत येथे सकाळी आठ वाजता मैदानावर उभे राहिले, तर सत्तर मीटर अंतरावरील लक्ष्यफलक अनेकदा दिसतच नाही. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे तेथील केंद्र हे राष्ट्रीय तिरंदाजी शिबिरांचे एक प्रमुख ठिकाण आहे. धनुष्य जोडलेले असते, प्रत्यंचा चढविलेली असते, मात्र धुके विरेपर्यंत पहिला बाण सुटत नाही. त्याच वेळी पुण्यात किंवा साताऱ्यात आकाश निरभ्र असते, वारा जवळजवळ पडलेला असतो आणि सकाळच्या सरावाचे पहिले बाण फलकात रुतलेले असतात. एकाच देशातील, एकाच महिन्यातील ही दोन चित्रे आहेत. मैदानी तिरंदाजीत भारताने अलीकडच्या वर्षांत जी मजल मारली व जेथे तो अद्याप अडखळतो आहे, त्या दोहोंचा विचार करताना हिवाळ्याच्या या चार महिन्यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

खेळाची चौकट

प्रथम काही मूलभूत बाबी पाहू. जागतिक तिरंदाजी महासंघाची स्थापना १९३१ मध्ये त्या वेळच्या पोलंडमधील व आजच्या युक्रेनमधील ल्विव्ह या शहरात झाली. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९०० साली प्रथम आला. १९२० नंतर तो वगळला गेला आणि १९७२ च्या म्युनिक स्पर्धेपासून पुन्हा कायम झाला. भारतीय तिरंदाजी संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली व भारतीय तिरंदाज ऑलिम्पिकमध्ये प्रथम उतरले ते १९८८ साली सेऊल येथे.

स्पर्धात्मक मैदानी तिरंदाजीत आज दोन प्रकारची धनुष्ये प्रमुख आहेत. रिकर्व्ह धनुष्याच्या भुजांची टोके पुढच्या बाजूस वळलेली असतात. त्याचे लक्ष्य ७० मीटरवर असते व फलकाचा व्यास १२२ सेंटिमीटर असतो. मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १२.२ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पुरीएवढा असतो. कंपाउंड धनुष्याला कप्प्या व दोऱ्यांची यंत्रणा जोडलेली असते आणि ते ५० मीटरवरून वापरले जाते. मानांकन फेरीत ७२ बाण सोडावयाचे असतात. त्यामुळे कमाल गुण होतात ७२०. या सर्व अंतरांवर खेळाडू उघड्या आकाशाखाली उभा असतो, आणि ऋतूचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

थंड हवा बाणाला काय करते?

थंड हवा उष्ण हवेपेक्षा घन असते, हे भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील विधान आहे. समुद्रसपाटीवर ४० अंश सेल्सियस तापमानाला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१३ किलोग्रॅम असते, तर ५ अंशाला ते सुमारे १.२७ किलोग्रॅम होते. हा फरक जवळपास बारा टक्क्यांचा आहे. हवा जितकी घन, तितका बाणाला होणारा विरोध अधिक. परिणामी तोच धनुर्धर, तेच धनुष्य आणि तोच बाण असूनही मे महिन्यात जमविलेल्या नेमावर जानेवारीच्या सकाळी बाण खाली पडतो.

खाली म्हणजे किती? रिकर्व्ह धनुष्यातून सुटलेल्या बाणाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतो. ७० मीटरचे अंतर तो सुमारे १.२ सेकंदांत कापतो. एवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे सात मीटर खाली ओढते. म्हणूनच बाण नेहमी लक्ष्याच्या वर रोखून सोडावा लागतो. आता वेग केवळ एक टक्का कमी झाला असे समजू. प्रवासाचा काळ एक टक्का वाढेल. पतन काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते दोन टक्के, म्हणजे सुमारे १४ सेंटिमीटर वाढेल. प्रत्येक वर्तुळाची रुंदी ६.१ सेंटिमीटर आहे. अर्थात नेमका मध्यावर लागणारा बाण आता आठ गुणांच्या वर्तुळात जाईल. एक टक्क्याच्या फरकाने दोन गुण जातात, आणि हा फरक खेळाडूच्या कौशल्यातील नसतो.

यावर उपाय सोपा वाटतो. धनुष्यावरील नेमयंत्र थोडे खाली सरकवावे, की बाण वर लागेल. उन्हाळा व हिवाळा यांतील फरकापुरता हा उपाय पुरेसाही आहे. खरी अडचण एकाच दिवसातील बदलाची आहे. दख्खनच्या पठारावर डिसेंबरमध्ये पहाटे ११-१२ अंशांवर असलेला पारा दुपारी २९-३० अंशांपर्यंत चढतो. सहा तासांत हवेची घनता सुमारे सहा टक्क्यांनी उतरते, आणि ढोबळ हिशेबाने ७० मीटरवर बाणाचा ठाव तीन-चार सेंटिमीटरने वर सरकतो. दहाच्या वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर सहा सेंटिमीटर असताना हा बदल नगण्य नव्हे. सकाळी जमविलेला नेम दुपारी तसाच ठेवणारा नवखा खेळाडू मग आपल्या हाताला दोष देतो आणि नसलेली चूक दुरुस्त करू लागतो. प्रशिक्षकांच्या दृष्टीने हे अधिक घातक, कारण बिघडलेली पद्धत सुधारण्यास कित्येक महिने लागतात. सरावाच्या वहीत गुणांबरोबर तापमान व वेळ लिहिण्याची सवय म्हणूनच लावली जाते.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. दमट हवा ‘जड’ असते, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. वस्तुतः पाण्याच्या वाफेचे रेणुभार १८ आणि कोरड्या हवेचे सरासरी रेणुभार सुमारे २९ असल्याने त्याच तापमानाची व दाबाची दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. धुक्यात बाण खाली पडतो तो हवेच्या थंडपणामुळे, ओलाव्यामुळे नव्हे. ओलाव्याचा उपद्रव निराळा आहे. तो बाणाच्या पिसांवर दव बनून बसतो, कागदी फलक फुगवतो आणि गवतात चुकलेला बाण शोधणाऱ्याचे बूट भिजवतो!

धुक्याचे गणित

उत्तर भारतातील हिवाळी धुके हे प्रामुख्याने प्रारणजन्य धुके असते. रात्र मोठी आणि आकाश निरभ्र असल्याने जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते व हे उलटे तापमान हवेचे अभिसरण रोखून धरते. पश्चिमी विक्षोभांमुळे पडलेला पाऊस आणि गव्हाच्या ओलिताखालील शेते यांतून ओलावा मिळतो, वारा मंद असतो आणि धुके तयार होते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणानुसार दृश्यमानता १,००० मीटरपेक्षा कमी झाली की धुके, ५० ते २०० मीटर असेल तर दाट धुके आणि ५० मीटरपेक्षा कमी झाल्यास अतिदाट धुके मानले जाते.

या व्याख्येप्रमाणे १५० मीटर दृश्यमानता असताना ७० मीटरवरचा फलक दिसावयास हवा, आणि तो दिसतोही. मात्र दिसणे निराळे व नेम धरता येणे निराळे. दृश्यमानतेच्या शास्त्रीय सूत्राने हिशेब केल्यास अशा धुक्यात ७० मीटरवरील वस्तूचा पार्श्वभूमीशी असलेला रंगभेद मूळच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकाच उरतो. पिवळे, तांबडे व निळे वर्तुळ एकमेकांत मिसळू लागतात. शिवाय लक्ष्याच्या मागे व बाजूला कोणी नाही, याची खात्री करता आल्याशिवाय बाण सोडू देणे हा सुरक्षेच्या नियमांचा भंग ठरतो. म्हणून धुक्याच्या दिवशी प्रशिक्षक थांबतात, ते केवळ गुणांसाठी नव्हे.

प्रकाशाचाही विचार करावा लागतो. २२ डिसेंबरच्या सुमारास दिल्लीत माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ३८ अंशांवर असतो. जूनमध्ये तो ८५ अंशांपर्यंत पोहोचतो. पुण्यात हिवाळ्यातील हाच कोन सुमारे ४८ अंश भरतो. उत्तर गोलार्धात तिरंदाजीचे मैदान साधारणतः उत्तरेकडे तोंड करून आखले जाते, जेणेकरून सूर्य खेळाडूच्या पाठीशी राहावा. हिवाळ्यात सूर्य खाली व दक्षिणेला असल्याने फलकावर उत्तम उजेड पडतो. परंतु सकाळी नेमयंत्राची उजवी कड उजळते आणि दुपारनंतर डावी. डोळा उजळलेल्या कडेलाच मध्य समजू लागतो व बाण न कळत एका अंगाला झुकतात.

शरीर, साधने आणि थंडी

रिकर्व्ह धनुष्य पूर्ण ताणताना वरिष्ठ पुरुष खेळाडूच्या तीन बोटांवर सुमारे वीस किलोग्रॅमचा ताण येतो. बोट आणि प्रत्यंचा यांच्यामध्ये चामड्याचा एक पातळ तुकडा असतो, एवढेच. प्रत्यंचा सोडण्याची क्रिया ही खरे पाहता बोटे सैल करण्याची क्रिया आहे आणि तिची गुणवत्ता स्पर्शज्ञानावर अवलंबून असते. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले की हालचालीतील सफाई कमी होऊ लागते आणि त्याहून खाली स्पर्शज्ञानही मंदावते. जाड हातमोजे घालावेत तर स्पर्श हरवतो, न घालावेत तर बोटे बधिर होतात. वैयक्तिक सामन्यात खेळाडू आळीपाळीने बाण सोडतात व प्रत्येक बाणासाठी केवळ २० सेकंद मिळतात. गारठलेल्या बोटांना तेवढ्या वेळात सावरणे कठीण जाते. बाणांच्या दोन फेऱ्यांमध्ये हात खिशात, कोमट पाण्याच्या पिशवीवर किंवा चक्क काखेत धरून बसलेले खेळाडू हे हिवाळी शिबिरातील नेहमीचे दृश्य आहे.

कंपाउंड धनुष्याच्या खेळाडूंची स्थिती या बाबतीत बरी, कारण ते प्रत्यंचा बोटांनी न सोडता यांत्रिक खटक्याने सोडतात. त्यांच्या नेमयंत्रात मात्र भिंग असते व श्वासाच्या वाफेने ते धुरकटते.

कपड्यांचा प्रश्न वरवर किरकोळ, प्रत्यक्षात महत्त्वाचा आहे. सैल व फुगीर बाहीला प्रत्यंचेचा निसटता स्पर्श झाला तरी बाण भलतीकडे जातो. गळ्याभोवती गुंडाळलेल्या मफलरमुळे हनुवटीखालचा हाताचा टेका बदलतो आणि त्याबरोबर प्रत्यंचा ताणण्याची लांबीही. म्हणून जाणते खेळाडू एका जाड कपड्याऐवजी अंगाला घट्ट बसणारे दोन-तीन पातळ थर वापरतात आणि वरून बिनबाह्यांचे जाकीट घालतात. थंड स्नायूंवर एकदम पूर्ण ताण दिल्यास खांद्याला दुखापत होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे अंग तापविण्यास उन्हाळ्यापेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो.

दिव्यांग खेळाडूंच्या संदर्भात हा विषय अधिक गंभीर होतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीच्या शरीराची तापमान राखण्याची क्षमता मर्यादित असते. चाकाच्या खुर्चीत स्थिर बसून तासन्‌तास सराव करणाऱ्या खेळाडूचे पाय गारठले, तरी त्याला ते जाणवेलच असे नाही. जम्मू-काश्मीरच्या किश्तवाड जिल्ह्यातील शीतल देवी ही तर धनुष्य पायाने धरते आणि प्रत्यंचा खांदा व जबड्याच्या साह्याने ताणून सोडते. तिने राकेश कुमार यांच्यासह पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये (२०२४) मिश्र सांघिक कांस्यपदक मिळविले आणि त्याच स्पर्धेत हरविंदर सिंग यांनी रिकर्व्ह प्रकारात सुवर्णपदक पटकाविले. अशा खेळाडूंसाठी ऊब देणारी जागा ही सोय नव्हे, ती सरावाची पूर्वअट आहे.

संक्रांतीचा बेझा ते अकादमी

हिवाळा आणि लक्ष्यवेध यांचे नाते आपल्याकडे क्रीडा संघटनांपेक्षा जुने आहे. झारखंडच्या ग्रामीण भागात मकर संक्रांतीच्या सुमारास ‘बेझा बिंधा’ हा लक्ष्यवेधाचा सामूहिक खेळ होतो. पीक घरात आलेले असते, शेते मोकळी असतात, आकाश स्वच्छ असते. केळीचे खोड जमिनीत रोवून ग्रामस्थ दुरून त्यावर बाण सोडतात. काही गावांत विजेत्यास वर्षभर कसण्यासाठी शेताचा तुकडा देण्याचीही रीत आहे. थंड व कोरड्या हवेत बांबूचे धनुष्य ताठ राहते, पावसाळ्यात ते ओलावा शोषून मऊ पडते. हा ऋतू निवडण्यामागे सणाइतकेच साधनाचेही कारण असावे, असे मानण्यास जागा आहे.

या पारंपरिक कौशल्याला आधुनिक क्रीडेत आणण्याचा पद्धतशीर प्रयत्न १९८० च्या दशकात झाला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजनेद्वारे आदिवासी भागांतील गुणी मुलांचा शोध सुरू केला. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातील लिंबाराम यांची निवड १९८७ मध्ये अशाच शोधमोहिमेतून झाली व दुसऱ्याच वर्षी ते सेऊल ऑलिम्पिकमध्ये खेळले. १९९६ मध्ये जमशेदपूर येथे टाटा तिरंदाजी अकादमी सुरू झाली. रांचीजवळच्या रातू चट्टी येथील दीपिका कुमारी ही तिची सर्वांत ख्यातनाम विद्यार्थिनी. छोटा नागपूरच्या पठारावरील हिवाळा थंड पण तुलनेने धुकेविरहित असतो. त्यामुळे वर्षातील सर्वाधिक बाण याच काळात सोडता येतात. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटलाही हाच लाभ मिळतो आणि साताऱ्याला व नागपूरलाही. २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारातील वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. वरिष्ठ जागतिक स्पर्धेतील भारताची पहिली सुवर्णपदके त्याच वर्षीची. त्यानंतर हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने तिरंदाजीत पाच सुवर्णांसह नऊ पदके मिळविली.

थंडीच्या वेळापत्रकातील त्रुटी

आंतरराष्ट्रीय मैदानी हंगाम साधारणतः एप्रिलमध्ये सुरू होतो. युरोपात हिवाळाभर बंदिस्त सभागृहात १८ मीटरवर तिरंदाजी चालते. दक्षिण कोरियातील हिवाळा आपल्यापेक्षा कितीतरी कडक असूनही तेथील सराव थांबत नाही. खेळाडू ऊबदार खोलीत उभे राहतात, समोरची झडप उघडलेली असते व बाण बाहेरच्या मैदानातील ७० मीटरवरच्या फलकावर जातो. शरीर उबेत आणि बाण खऱ्या हवेत, अशी ही साधी रचना आहे.

भारताला निसर्गाने दिलेला लाभ असा की, देशाच्या अर्ध्याहून अधिक भागात हिवाळ्यात मैदानावरच सराव करता येतो. या लाभाची दुसरी बाजू सहसा बोलली जात नाही. आपल्या हिवाळी सकाळी फार शांत असतात. वाऱ्याविना मिळविलेले ६७०-६८० गुण खेळाडूचा आत्मविश्वास वाढवितात खरे. परंतु ऑलिम्पिक उन्हाळ्यात होते, वारा सुटलेला असतो आणि तेथे झोत ओळखून नेम बाजूला धरण्याचे कौशल्य लागते. रिकर्व्हचा बाण हवेत कंपाउंडच्या जवळपास दुप्पट वेळ असतो, त्यामुळे वाऱ्याचा फटकाही त्यालाच अधिक. २०२४ पर्यंत भारताला ऑलिम्पिक तिरंदाजीत पदक मिळालेले नाही. धीरज बोम्मदेवरा व अंकिता भकत यांचे पॅरिसमधील मिश्र सांघिक प्रकारातील चौथे स्थान ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी. याची कारणे अनेक आहेत, आणि केवळ वाऱ्यावर त्यांचा भार टाकणे योग्य होणार नाही. तरीही हिवाळी सरावाचा काही भाग जाणीवपूर्वक दुपारी किंवा वाऱ्याच्या किनारी भागात ठेवला जावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उत्तर भारतात आणखी एक अडथळा वाढत चालला आहे, तो हवेच्या प्रदूषणाचा. धुके ज्या उलट्या तापमानामुळे तयार होते, तेच धूर व धूळही जमिनीलगत कोंडून ठेवते. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात ४०१ ते ५०० हा टप्पा ‘गंभीर’ श्रेणीत मोडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने राजधानी क्षेत्रातील नोव्हेंबर-डिसेंबरमधील क्रीडा स्पर्धा पुढे ढकलण्याचे निर्देश दिले होते. तिरंदाज धावत नाही, तेव्हा त्याला काय बाधा, असा प्रश्न विचारला जातो. पण प्रत्येक बाणापूर्वी तो खोल व नियंत्रित श्वास घेतो आणि दिवसाला काही शे वेळा घेतो. शिवाय सरावातील बहुतेक जण शाळकरी वयाचे असतात.

लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड मिश्र सांघिक प्रकाराचा प्रथमच समावेश होणार आहे व ती स्पर्धा जुलैमध्ये आहे. तोपर्यंतचे हिवाळे मोजकेच आहेत. सोनीपतसारख्या ठिकाणी नेमरेषेवर तीन बाजूंनी बंद, समोरून उघडी व आतून उबदार अशी एक शेड उभारण्यास फार मोठ्या तरतुदीची गरज नाही. तिच्याने अतिदाट धुके हटणार नाही, हवा शुद्ध होणार नाही. पण धुके विरल्यावर, साडेदहाच्या सुमारास, पहिला बाण सुटेल तेव्हा बोटे बधिर नसतील.